अटक झाली, नोंद कुठे आहे?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याच्या उत्तर भागात, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ चिखला आहे. मॉइलची भूमिगत मँगनीज खाण, कामगारांची वसाहत, शेजारी डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आणि भोवती धानाची बांधी असा हा मुलूख. पोलीस ठाणे गोबरवाहीला, फौजदारी न्यायालय तुमसरला, पोलीस अधीक्षक आणि सत्र न्यायालय भंडाऱ्याला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला. म्हणजे संध्याकाळी एखाद्याला पोलिसांच्या गाडीत बसवून नेले, तर त्याच्या घरच्यांनी सकाळी कुठल्या दारात उभे राहायचे याचीच चार उत्तरे निघतात. स्थानिक गुन्हे शाखेने उचलले असेल तर भंडारा, ठाण्याने नेले असेल तर गोबरवाही, आणि हद्दीपलीकडच्या बालाघाटच्या पोलिसांनी नेले असेल तर राज्यच बदलते.

गंमत अशी, की नेलेल्या माणसाचे नाव गावभर व्हायला अर्धा तासही लागत नाही. चहाच्या टपरीवर ते पोचते, व्हॉट्सॲपच्या गटात पोचते, दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर वय आणि वॉर्डासकट छापूनही येते. त्याला किती वाजता ताब्यात घेतले, कुठल्या कलमाखाली, कुठल्या अधिकाऱ्याने, आता ठेवले कुठे आहे आणि घरच्या कुणाला कळवले, हे मात्र विचारायला गेलेल्याला लवकर सांगितले जात नाही. नाव उघडे पडते, नोंद बंद राहते. अटकेच्या माहितीचा आपल्याकडचा सगळा प्रश्न या उलट्या क्रमात आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर गुप्त अटक ही चीज भारतात अस्तित्वात असायलाच नको. राज्यघटनेच्या कलम २२ने तीन गोष्टी दिल्या आहेत. अटकेचे कारण सांगायचे, पसंतीच्या वकिलाला भेटू द्यायचे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. पण कलम आणि ठाण्यातले टेबल यांच्यात किती अंतर असते हे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आणले ते मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा महिला कैद्यांशी त्या बोलल्या आणि त्यातल्या पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि फेब्रुवारी १९८३मध्ये महाराष्ट्र शासनाला आदेश दिले. महिलांसाठी वेगळी कोठडी, त्यावर महिला पोलिसांचा पहारा, आणि कोणालाही अटक झाली की जवळच्या विधी साहाय्य समितीला पोलिसांनी ताबडतोब कळवायचे. अटकेची माहिती ही उपकार म्हणून द्यायची गोष्ट नसून पोलिसांवरचे बंधन आहे, हे महाराष्ट्रातल्याच प्रकरणात चाळीस वर्षांपूर्वी ठरून गेले होते.

त्यानंतर पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी ऑगस्ट १९८६मध्ये असेच एक पत्र पाठवले. वर्तमानपत्रांत येणाऱ्या कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या त्यांनी सोबत जोडल्या होत्या. त्याचा निकाल लागायला दहा वर्षे गेली, पण १८ डिसेंबर १९९६ला लागला तो असा, की आजही प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर त्याची अकरा कलमे रंगवलेली दिसतात. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट हवा. अटकेच्या जागीच अटक पंचनामा व्हावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या वस्तीतल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही हवी, वेळ आणि तारीख हवी. नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल तर त्याला आठ ते बारा तासांत कळवावे, आणि ते तारेने, असे तेव्हाच्या निकालात लिहिले आहे. कोणाला कळवले त्याचे नाव ठाण्याच्या डायरीत लिहावे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला बारा तासांत खबर द्यावी आणि तिथल्या फलकावर ती लावावी.

या शेवटच्या अटीला २००८च्या दुरुस्तीने कायद्याचे रूप दिले. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-क आले आणि १ नोव्हेंबर २०१०पासून ते लागू झाले. प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष, त्याच्या बाहेर फलक, फलकावर अटक झालेल्यांची नावे-पत्ते आणि अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे. शिवाय राज्याच्या मुख्यालयात या सगळ्याची जमवाजमव करून सामान्य लोकांना पाहता येईल असा माहितीसाठा ठेवायचा. कागदावर तरी ही तरतूद नेमकी होती. एका ओळीत दोन नावे, नेलेल्याचे आणि नेणाऱ्याचे.

१ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि या कलमाची जागा कलम ३७ने घेतली. त्यात एक सुधारणा खरोखर चांगली आहे. फलक आता फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी नाही, तर प्रत्येक पोलीस ठाण्यात हवा. डिजिटल स्वरूपातही चालेल. त्यासाठी प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा एक पदनिर्देशित अधिकारी नेमायचा. चिखल्याच्या माणसाला आता फलक पाहायला भंडाऱ्याला जायला नको, गोबरवाही पुरे. पण फलकावर काय लिहायचे ते वाचले की दुसरी बाजू दिसते. अटक झालेल्याचे नाव, पत्ता आणि गुन्ह्याचे स्वरूप. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव जाहीर करण्याची अट या कलमातून गळली. लोकांसाठी ठेवायच्या राज्यस्तरीय माहितीसाठ्याचा उल्लेखही गळला. दोन नावांच्या ओळीतले नेमके एकच नाव उरले, आणि ते दुबळ्याचे. या बदलावर जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही, हे इथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

नोंद आणि नाव यांतला फरक पुस्तकी वाटत असेल तर सांगलीचे प्रकरण आठवावे. नोव्हेंबर २०१७मध्ये लुटीच्या गुन्ह्यात पकडलेल्या अनिकेत कोथळे या तरुणाचा सांगली शहर पोलीस ठाण्यात मारहाणीत मृत्यू झाला. मृतदेह रातोरात आंबोलीला नेऊन जाळण्यात आला, आणि ठाण्याकडून सांगितले गेले की तो आणि त्याच्यासोबत पकडलेला दुसरा आरोपी पळून गेले. नाव, पत्ता, गुन्ह्याचे स्वरूप हे सगळे तिथे जागच्या जागी होते. खोटे होते ते पुढचे. माणूस कोणाच्या ताब्यात होता, कधीपर्यंत होता आणि नंतर त्याचे काय झाले. कुटुंबीय आणि सांगलीकर हटले नाहीत म्हणून ते उघडकीला आले. त्याआधी ख्वाजा युनूसच्या बाबतीतही हेच झाले होते. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात डिसेंबर २००२मध्ये ताब्यात घेतलेला परभणीचा हा अभियंता जानेवारी २००३मध्ये पोलिसांच्या हातून निसटून गेला, असे कागद सांगत होता.

म्हणून ठाण्यात मागायची असते ती वेळ. स्टेशन डायरीतली वेळ, अटक पंचनाम्यावरची वेळ, वैद्यकीय तपासणीच्या कागदावरची वेळ आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभे केल्याची वेळ या चार वेळा एकमेकींशी जुळतात का, यावर पुढची सारी लढाई ठरते. महिलेच्या बाबतीत तर वेळ हाच कायदा आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी नसेल, तर तिला अटक करता येत नाही. आणि ‘अटक नाही हो, फक्त चौकशीला बोलावलंय’ हे ठाण्यातले ठरलेले वाक्य. मुंबई उच्च न्यायालयाने अशाक हुसेन प्रकरणात सांगून ठेवले आहे, की माणसाच्या हालचालीवर बंधन आले तो क्षण अटकेचा. अधिकाऱ्याने कागदावर जी वेळ टाकली ती अटकेची वेळ ठरत नाही. चौकशीची नोटीस असेल तर ती कलम ३५(३)खाली लेखी असते, तिची प्रत हातात असते आणि माणूस रात्री घरी झोपायला येतो. यातले काहीच नसेल तर ती अटक आहे आणि २४ तासांचे घड्याळ सुरू झालेले आहे.

भंडारा जिल्ह्याला अटकेच्या माहितीचे मोल सांगायला बाहेरचे उदाहरण लागत नाही. मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. देशभर गाजलेल्या या हत्याकांडाच्या आधीचे काही तास मात्र फारसे आठवले जात नाहीत. ३ सप्टेंबरला धुसाळ्याचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली होती. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका या त्या प्रकरणात साक्षीदार होत्या, त्यांनी मारणाऱ्यांना ओळखले होते. २९ सप्टेंबरला त्या आरोपींना अटक झाली, त्याच दिवशी जामीन झाला, आणि संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या दारात होता. अटक कायदेशीर, जामीनही कायदेशीर. पण आरोपी सुटून गावाकडे निघाले आहेत हे ज्यांना सर्वांत आधी कळायला हवे होते, त्यांना कळवण्याची कुठलीही व्यवस्था नव्हती. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २००८मध्ये आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली, नागपूर खंडपीठाने जुलै २०१०मध्ये ती २५ वर्षांच्या कैदेत बदलली. एकटे उरलेले भय्यालाल भोतमांगे जानेवारी २०१७मध्ये वारले.

सुटकेची खबर देणारी व्यवस्था उभी करता येते. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात १९९३च्या डिसेंबरात मेरी बायरन या तरुणीचा तिच्या एकविसाव्या वाढदिवशी खून झाला. तिच्यावर अत्याचार केल्याबद्दल अटकेत असलेला तिचा जुना मित्र जामिनावर सुटला होता आणि हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि वर्षभरातच त्या काउंटीने आरोपी सुटताच पीडिताला आपोआप फोन जाईल अशी यंत्रणा उभी केली. ती पुढे बहुतेक राज्यांत पसरली. आपल्याकडे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम १५-अ घालून जामिनाच्या सुनावणीची वेळेवर सूचना पीडितांना देण्याची अट आली ती २६ जानेवारी २०१६पासून, म्हणजे खैरलांजीनंतर नऊ वर्षांनी. तीही त्या कायद्याखालच्या गुन्ह्यांपुरती. खैरलांजीच्या हत्यांना तर हा कायदाच सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने लागू मानला नव्हता. साध्या मारहाणीच्या जामीनपात्र गुन्ह्यातला साक्षीदार आजही आरोपी सुटल्याचे गावातूनच ऐकतो.

आता प्रत्यक्ष शोधाकडे. पहिले दार मोबाइलवर उघडते. केंद्राने २००९मध्ये मंजूर केलेल्या सीसीटीएनएस प्रकल्पामुळे ठाणी एका जाळ्यात आली, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकून प्रसिद्ध झालेले एफआयआर पाहता येतात. अटक आरोपींचाही वेगळा शोध आहे. एफआयआर पोर्टलवर येतो तो सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६च्या आदेशाने. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितले की २४ तासांत एफआयआर संकेतस्थळावर टाका. जिथे नेटवर्कची रड आहे तिथे जास्तीत जास्त ७२ तास. लैंगिक अत्याचार, बालकांवरचे गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे यातून वगळली आहेत, आणि ‘संवेदनशील’ ठरवण्याचा अधिकार उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला नाही. मात्र एफआयआर म्हणजे अटक नव्हे. त्यात नाव असलेला माणूस बाहेर मोकळा असू शकतो, आणि ‘अज्ञात आरोपी’ लिहिलेल्या एफआयआरमध्ये चौघे आत असू शकतात.

पोर्टलवर कधीच न दिसणारा एक मोठा वर्ग आहे तो प्रतिबंधात्मक कारवाईचा. पोळा, गणपती, निवडणूक आली की ठाण्याठाण्यातून चॅप्टर केसेस निघतात. पूर्वीची १०७, ११० आणि १५१ ही कलमे लोकांच्या तोंडी बसलेली. नव्या संहितेत त्यांचे आकडे १२६, १२९ आणि १७० झाले. यात गुन्हा घडलेलाच नसतो, तो घडू नये म्हणून अटक असते. त्यामुळे एफआयआर नाही. कलम १२६ आणि १२९ची प्रकरणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे, गावाच्या भाषेत तहसीलदारासाहेबांपुढे चालतात, म्हणून ती न्यायालयांच्या ई-कोर्ट प्रणालीतही नाहीत. वसाहतीतल्या एखाद्या कामगार कार्यकर्त्याला संपाच्या आदल्या रात्री उचलले, तर त्याचा माग ठाण्याची डायरी आणि तहसील कचेरी या दोनच ठिकाणी लागतो.

ठाण्याबाहेर जाणारा आणखी एक कागद आहे, त्याकडे पत्रकारांचेही लक्ष नसते. वॉरंटशिवाय केलेल्या प्रत्येक अटकेचा अहवाल ठाणेदाराने जिल्हादंडाधिकाऱ्याला, किंवा त्यांनी सांगितले असेल तर उपविभागीय दंडाधिकाऱ्याला पाठवायचा असतो. जुन्या संहितेत हे कलम ५८ होते, आता ५९ आहे. म्हणजे गोबरवाहीच्या हद्दीतल्या अटकांची एक यादी महसूल खात्याकडेही असायला हवी. पोलीस ठाणे दाद देत नसेल तेव्हा ही यादी मागणे हा सरळ आणि बिनभांडणाचा रस्ता आहे.

न्यायालयात तुलनेने उजेड जास्त. माणूस मॅजिस्ट्रेटपुढे आला की रिमांडचा कागद तयार होतो, पीसीआर (पोलीस कोठडी) मिळाला की एमसीआर (न्यायालयीन कोठडी) हे त्यावर लिहिले जाते. ई-कोर्टवर पक्षकाराचे नाव, प्रकरणाचा क्रमांक किंवा पोलीस ठाणे निवडून एफआयआर क्रमांकावरून शोधता येते. प्रमाणित नकल हवी असेल तर न्यायालयाच्या नकल विभागात अर्ज. आरोपीला अडचण नाही, तिऱ्हाइताला कारण द्यावे लागते. इथे माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन जाणारे हात हलवत परत येतात. न्यायालयाच्या कागदांसाठी न्यायालयाचेच नियम चालतील, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२०ला गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितले आहे. आरोपपत्रे संकेतस्थळावर टाका, ही सौरव दास यांची मागणीही २० जानेवारी २०२३ला फेटाळली गेली. आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही असे न्यायालयाचे म्हणणे. एफआयआर उघडा आणि आरोपपत्र बंद, हे तर्कशास्त्र सामान्य वाचकाला पटणे कठीण आहे. कच्चा आरोप सगळ्यांना दिसतो, तपासून पारखलेला दिसत नाही.

राहिला माहितीचा अधिकार. महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यातून केंद्राच्या आधी स्वतःचा कायदा केला होता, १२ ऑक्टोबर २००५पासून देशभराचा कायदा आला. नमुना ‘जोडपत्र अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांत, ही राज्याच्या नियमांची चौकट. उत्तराची मुदत तीस दिवस. पण एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर ४८ तास, आणि कोठडीतला माणूस याहून दुसरे काय असतो? अर्जाच्या डोक्यावरच कलम ७(१)चा उल्लेख करून ‘४८ तासांत’ लिहिण्याची सवय कुटुंबांना आणि गावातल्या कार्यकर्त्यांना लागली पाहिजे. अर्ज चुकीच्या कचेरीत पडला तरी पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवणे ही त्या कचेरीची जबाबदारी आहे. उत्तर आले नाही तर तीस दिवसांत प्रथम अपील, मग नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाचे नागपूर खंडपीठ.

नकाराची दोन कारणे नेहमीची. पहिले कलम ८(१)(ज)चे, म्हणजे तपासात अडथळा येईल हे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७मध्ये भगतसिंग प्रकरणात सांगितले, की तपास चालू आहे एवढे म्हणून भागत नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येईल ते दाखवावे लागते. अटक केव्हा केली हे सांगितल्याने कुठला तपास बिघडतो, हे विचारायला हवे. दुसरे कारण वैयक्तिक माहितीचे. वैयक्तिक माहितीबद्दलच्या कलमात पूर्वी दोन-तीन कसोट्या होत्या, सार्वजनिक हिताचा विचार त्यातच विणलेला होता. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते कलम छाटले आणि नोव्हेंबर २०२५पासून ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द नकाराला पुरेसे झाले. कलम ८(२) शिल्लक आहे; सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते. पण ते सिद्ध करण्याचा भार आता मागणाऱ्यावर आल्यासारखाच आहे.

यातून एक विचित्र चित्र उभे राहते. फलकावर नाव-पत्ता लावा म्हणून एक कायदा सांगतो आणि नाव वैयक्तिक आहे म्हणून दुसऱ्या कायद्याखाली अर्ज फेटाळता येतो. यावर व्यवहारी तोड अशी, की अर्जात नावे मागूच नयेत. ठरावीक तीन महिन्यांत ठाण्यात किती अटका झाल्या, त्यातल्या वॉरंटशिवाय किती, कलम ३५(३)च्या नोटिसा किती, १७०खाली किती जणांना बसवून ठेवले, किती अटक पंचनाम्यांवर घरच्यांची सही आहे, कलम ३७चा पदनिर्देशित अधिकारी कोण आणि त्याच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत. यातला एकही प्रश्न कोणा आरोपीच्या खाजगीपणाला धक्का लावत नाही, आणि उत्तरे आली तर ठाण्याच्या कारभाराची नाडी हाताला लागते.

नावांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा, असे म्हणण्यामागे केवळ कायद्याची अडचण नाही. अमेरिकेत अटक झालेल्याचे छायाचित्र बहुतेक ठिकाणी सार्वजनिक असते. त्यावर तिथे धंदा उभा राहिला. छायाचित्रे उचलून संकेतस्थळावर टाकायची आणि काढून टाकायला पैसे मागायचे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. ब्रिटन दुसऱ्या टोकाला गेले. आरोप ठेवला जाईपर्यंत संशयिताला खाजगीपणाची अपेक्षा करता येते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेविरुद्ध निकाल देताना म्हटले. आपण दोन्हींच्या मधे आहोत. विधिसंघर्षग्रस्त बालकाचे आणि अत्याचारपीडितेचे नाव छापणे गुन्हा आहे, पण बाकी कुणाला पकडले तर बुरखा घालून पोलिसांच्या मधोमध उभे करून काढलेला फोटो बातमीसोबत येतो. तो माणूस सुटला तर त्याची बातमी तितक्याच अक्षरांत येत नाही.

तुमसर-मोहाडीकडच्या गावांत पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे दिसतात, पोलीस भरतीची तयारी करणारी. त्यांच्यासाठी अटकेची एक नोंद म्हणजे चारित्र्य पडताळणीतला काटा. भावकीतल्या हाणामारीत नाव गोवले गेले आणि पुढे निर्दोष सुटले, तरी पडताळणीच्या अर्जात ते लिहावेच लागते. लपवले तर लपवल्याबद्दल नोकरी जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६मध्ये अवतार सिंग प्रकरणात यावर नियम घालून दिले: माहिती खरी द्यावी, आणि गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणाऱ्याने तारतम्य ठेवावे. त्यात २०२२च्या ओळख कायद्याने भर घातली. बोटांचे ठसे, छायाचित्रे, बुबुळांचे मोजमाप अशा नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची मुभा त्यात आहे. निर्दोष सुटलेल्याच्या, पूर्वी शिक्षा झालेली नसेल तर, नष्ट कराव्या लागतात; पण त्या झाल्या की नाही हे त्याने स्वतःच मागे लागून पाहावे लागते. विदर्भातल्या पारधी वस्त्यांना हे नव्याने सांगायला नको. गुन्हेगार जमातींचा इंग्रजी कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला, तरी चोरी झाली की पहिली गाडी बेड्यावरच येते, कारण ठाण्यातली जुनी नोंद माणसापेक्षा जास्त जगते.

सर्वांत ताजा आणि चिखल्यासारख्या सीमेवरच्या गावांना उपयोगी निकाल मुंबईच्या वरळीतल्या एका अपघात प्रकरणातून आला. मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ला सांगितले, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी द्यायची आणि ती अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत. तातडीमुळे लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगून, रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी तरी तो कागद हातात पडला पाहिजे. नाही तर अटक बेकायदा. खाणीच्या या पट्ट्यात मराठीइतकीच हिंदी चालते, गोंडी बोलणारी घरे आहेत, छत्तीसगडहून आलेले मजूर आहेत. कागद कुठल्या भाषेत दिला, हा प्रश्न आता वकिलाने पहिल्याच तारखेला विचारावा. याआधी, फेब्रुवारी २०२५मध्ये विहान कुमार प्रकरणात, कारणे नातेवाईकांनाही कळवली पाहिजेत हे ठरलेले आहेच. आणि बालाघाटच्या पोलिसांनी वॉरंटवर कुणाला नेले, तर त्याला कुठे ठेवले आहे ही माहिती त्याच्या राहत्या जिल्ह्याच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला तत्काळ द्यायची, असे नव्या संहितेचे कलम ८२ सांगते. म्हणजे भंडाऱ्याला विचारले तर ‘आम्हाला ठाऊक नाही’ हे उत्तर चालायचे नाही.

ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचाही उपयोग विसरू नये. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२०ला प्रत्येक ठाण्याच्या प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे आणि अठरा महिन्यांचे चित्रण जपण्याचा आदेश झाला. एवढी साठवण बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त जेवढी मिळते तेवढी, पण वर्षापेक्षा कमी नाही. मारहाणीची किंवा वेळेची शंका असेल तर चित्रण जपून ठेवावे असा अर्ज रिमांडच्या वेळीच मॅजिस्ट्रेटकडे द्यावा. उशीर झाला की ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर तयार असते.

गावात पोलीस पाटील असतात, ग्रामपंचायत असते, चिखल्यासारख्या ठिकाणी कामगार संघटनाही असते. यांपैकी कोणीही आठवड्यातून एकदा ठाण्यातला फलक पाहिला, त्यावर तारीख ताजी आहे का ते तपासले आणि नसल्यास अधीक्षकांना लेखी कळवले, तर एवढ्यानेही फरक पडेल. ज्याच्या घरचा माणूस आज नेला आहे त्याने मात्र अर्जाच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. आधी ठाण्यात जाऊन अटक पंचनाम्याची प्रत आणि डायरीतला नोंद क्रमांक मागावा, तुमसरच्या विधी सेवा समितीला कळवावे किंवा १५१०० या मोफत क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करावा, आणि २४ तास उलटूनही ठिकाण कळले नाही तर नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पसची याचिका करावी. माहितीच्या अर्जात कारण लिहू नये. कलम ६(२)प्रमाणे ते विचारण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही.